ज्यांच्या दारात गाडी नाही, त्यांचे आभार

रविवारी आमच्या जुन्या गाड्यांचा मेळा पार पडला आणि सोमवारपासून मी आभाराची पोस्टकार्डे लिहीत बसले आहे. टपाल कचेरीतून पन्नास कार्डे आणली. स्वयंसेवकांच्या वहीत नावे त्रेचाळीस आहेत, आणि आज, मंगळवारी रात्रीपर्यंत, एकतीस कार्डे लिहून झाली. हा खटाटोप कशासाठी, असे घरच्यांनी विचारले. त्यांना दिलेले उत्तर जरा सविस्तर इथे लिहून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी याच मेळ्यात आभारप्रदर्शनाचे काम माझ्याकडे होते. पाहुणे, देणगीदार, मैदान देणारी शाळा आणि गाड्यांचे मालक अशी सगळ्यांची नावे मी नीट उच्चारून घेतली आणि शेवटी, आपल्याकडच्या प्रथेप्रमाणे, 'ज्ञात-अज्ञात अशा सर्व हितचिंतकांचे' आभार मानून खाली बसले. संध्याकाळी आवराआवर करताना कळले की वाहनतळाच्या फाटकावर उभी असलेली अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत जागची हलली नव्हती, कारण तिला मोकळे करायला कोणी गेलेच नाही. तिने पोहेही खाल्ले नव्हते. तिने तक्रार केली नाही, उलट 'काकू, पाळीच्या वेळापत्रकात माझ्यानंतर कोणाचे नावच नव्हते' एवढेच सांगितले. ते वेळापत्रक मी केले होते. ज्या मुलीचे नाव, चेहरा आणि घराचा पत्ता मला ठाऊक होता, तिला मी त्या दिवशी 'अज्ञात' ठरवले होते, आणि ही गोष्ट आजही मनाला लागून आहे.

आता मेळ्याविषयी. आम्ही इंदूरच्या रामबागेतले आणि आसपासच्या वस्त्यांमधले काही लोक दरवर्षी थंडीत एका शाळेच्या मैदानावर हा मेळा भरवतो. प्रवेशशुल्क नाही, स्पर्धा नाही, चषकही नाहीत. यंदा साठच्या आसपास वाहने आली. त्यांत अर्थातच अॅम्बेसेडर सर्वांत जास्त होत्या, त्याखालोखाल फियाट, दोन स्टँडर्ड हेरल्ड, एक मॉरिस मायनर, विलीजच्या जीपा, आणि दुचाकींमध्ये लँब्रेटा, राजदूत, येझदी, बुलेट व जुन्या बजाज स्कूटर. मोठ्या शहरांतल्या मेळ्यांत रोल्स-रॉईस आणि बेंटली येतात, तशा आमच्याकडे येत नाहीत, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

तसे पाहिले तर या शहराला मोटारींचा इतिहास मोठा आहे. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पीकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग कंपनीची चासी, म्हणजे इंजिनासह नुसता सांगाडा, घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून केशरी-काळ्या रंगाची दोन आसनी बॉडी चढवून घेतली. ती गाडी आज जगातल्या नामवंत मोटारींमध्ये गणली जाते, पण ती इंदुरात नाही. राजेरजवाड्यांच्या गाड्यांना संग्राहक मिळतात, त्यांचे लिलाव होतात, त्यांच्यावर ग्रंथ निघतात. वकिलाची फियाट, डॉक्टरांची हेरल्ड आणि शिक्षकाची लँब्रेटा यांची काळजी कोण घेणार? त्यांना शेजारीपाजारीच राखतात, आणि आमचा मेळा म्हणजे अशा शेजाऱ्यांचे काम आहे, असे मी मानते.

आमची फियाट १९६६ची, ११०० डी. माझे वडील वकिली करीत. नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर ती गाडी घरी आली, असे आई सांगत असे. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहेत, पुढची बैठक सलग आहे, आणि आम्ही चार भावंडे, आई, आत्या व वडील असे सात जण तिच्यातून उज्जैनला जात असू. वडील गेल्यावर गाडी पाच वर्षे ताडपत्रीखाली पडून राहिली. तिला विकण्याचे धैर्य मला झाले नाही आणि ती चालवण्याचे कौशल्य माझ्याकडे नव्हते.

ती पुन्हा सुरू केली आमच्या उस्तादांनी, म्हणजे आमच्या गॅरेजवाल्या मेकॅनिकनी. वडिलांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हाताखाली होती. ताडपत्री काढल्यावर त्यांनी आधी चावीला हात लावू दिला नाही. प्लग काढून सिलिंडरांत थोडे थोडे तेल सोडले, दोन दिवस तसेच राहू दिले, मग हँडलने इंजिन हाताने फिरवून पाहिले आणि ते जाम झालेले नाही याची खात्री करून घेतली. टाकीत गंज होता, तो काढला. कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केले. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून त्यांच्यातली फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवली. ही फट कमी-जास्त झाली की ठिणगी नीट पडत नाही, आणि पाच वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे निम्मे दुखणे तिथेच असते, असे ते सांगत. पेट्रोलची रबरी नळी त्यांनी नंतर दोनदा बदलली, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या प्रतीच्या रबराला मऊ करते आणि हवेतले पाणी ओढून घेत असल्यामुळे पत्र्याच्या टाकीला गंज चढवते. आमच्या मेळ्यात येणाऱ्या प्रत्येक गाडीची नळी ते आदल्या दिवशी स्वतः वाकवून पाहतात. भेगा दिसल्या तर नळी बदलल्याशिवाय ती गाडी आत सोडत नाहीत, मालक कितीही मोठा असो. मैदानात लहान मुले असतात आणि गळणाऱ्या पेट्रोलवर गरम इंजिनामुळे काय होऊ शकते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

या कामाचे पैसे ते घेत नाहीत. गॅरेजमध्ये घेतात, आणि चोख घेतात. मेळ्याच्या कामाचे घेत नाहीत. त्यांच्याकडे स्वतःची मोटार कधीच नव्हती.

दुसरे एक काका आहेत, ते एका कापड मिलच्या वर्कशॉपात टर्नर होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आत होते. पुढे त्यांनी घराच्या पडवीत एक जुना लेथ बसवला आणि आयुष्यभर पंपांचे नि चक्क्यांचे सुटे भाग केले. यंदा एका डॉक्टरांची हेरल्ड त्यांच्यामुळे मैदानात आली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१पासून काढलेल्या या गाडीची पुढची चाके वळतात ती आटे असलेल्या पितळी ट्रनियनवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्यावर, आणि त्याला ग्रीस नव्हे तर गिअरचे जाड तेल द्यावे लागते. कोणी अनेक वर्षे ग्रीसच भरत राहिले होते, त्यामुळे आटे झिजून चाक निखळण्याच्या बेतात आले होते. नवा भाग बाजारात मिळत नव्हता. काकांनी झिजलेला तुकडा समोर ठेवून, पाच रात्री बसून, नव्या गोळ्यातून तो कातून काढला, आतले आटे कापले, आणि पहिला मनासारखा झाला नाही म्हणून बाजूला ठेवून दुसरा केला. मी तो बाजूला ठेवलेला तुकडा पाहिला आहे. माझ्या डोळ्यांना त्यात काहीही दोष दिसला नाही.

मला त्यांच्याकडे पाहून अनंत चतुर्दशीच्या झाँकियांची, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्यांची, आठवण होते. इंदूरच्या मिली एकामागून एक बंद पडल्या, तरी मिल कामगारांनी वर्गणी गोळा करून गणपतीच्या झाँकिया काढणे सोडले नाही, आणि आजही त्या रात्री सारे शहर रस्त्यावर जागे असते. पगार थांबल्यावरही हातातली कला आणि सार्वजनिक कामाची सवय थांबत नाही, हे या शहराने फार जवळून पाहिले आहे. आमच्या मेळ्यात राबणारे पुष्कळ हात त्याच घरांतून आलेले आहेत.

मेळ्याच्या दिवशी पहाटे साडेचारला मैदानावर पोचले तेव्हा चुन्याची फक्की मारून झाली होती. दोन निवृत्त बँक कर्मचारी कंदिलासारखा दिवा हातात धरून प्रत्येक गाडीच्या जागेवर पुठ्ठे अंथरत होते. जुनी गाडी थोडे तरी तेल गाळतेच, आणि शाळेच्या मैदानावर सोमवारी मुले खेळणार असतात. म्हणून पुठ्ठा, त्यावर पत्र्याचे ताट, आणि दर चार गाड्यांमागे वाळूची बादली व अग्निशामक नळकांडे अशी व्यवस्था त्यांनीच बसवली आहे. भजनी मंडळाच्या वहिनी आणि मावश्या पोह्यांची तयारी करीत होत्या. सुमारे तीनशे लोकांचे पोहे, वर शेव आणि जीरावन हा इंदुरी मसाला, आणि हे सगळे आठच्या आत. यंदा पहिली ताटली फाटकावर गेली, मग वाहनतळावर, मग दोरीपाशी उभ्या असलेल्या मुलांकडे; पाहुण्यांची पाळी त्यानंतर आली. ही सूचना मी मांडली होती, पण ती अमलात आणली त्या बायकांनी, आणि एका पाहुण्यांना थांबावे लागले तेव्हा त्यांनी अतिशय गोड शब्दांत त्यांना थांबवलेही.

एक टेबल कागदपत्रांचे होते. २०२१मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. ज्यांचा जुना क्रमांक चालू आहे त्यांना तोच ठेवता येतो. मात्र अशी नोंद झाली की गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. परिवहन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दिवसभर न कंटाळता हे समजावून सांगत होते. त्यांचे कार्ड मी सर्वांत आधी लिहिले, कारण त्यांना उन्हाचा त्रास होतो आणि त्यांचे टेबल आम्ही चुकून उन्हातच मांडले होते.

दोरीच्या आत कोणी जाऊ नये, गाड्यांना हात लावू नये, हा नियम आवश्यकच आहे. क्रोमवर उमटलेला घामाचा ठसाही वेळीच पुसला नाही तर डाग धरतो. पण दोरीपाशी उभ्या असलेल्या मुलांनी गेल्या वर्षी मला सांगितले की दिवसभर लहानग्यांना 'लांब व्हा' म्हणताना त्यांना वाईट वाटते. त्यांच्याच आग्रहावरून यंदा एक अॅम्बेसेडर सगळ्यांसाठी उघडी ठेवली. मालकांनी आनंदाने होकार दिला. हिंदुस्थान मोटर्सने २०१४मध्ये ही गाडी काढणे बंद केले, तेव्हा आजच्या दहा वर्षांच्या मुलाने ती रस्त्यावर क्वचितच पाहिली असणार. मुले आत बसत, स्टिअरिंग फिरवत, हॉर्न वाजवत, खिडकीची काच हँडलने वर-खाली करून चकित होत. आणि दाराशी उभा असलेला स्वयंसेवक प्रत्येकाला दोन मिनिटे देऊन पुढच्याला बसवी. ती रांग तीन तास संपली नाही. पाळी बदलायला दुसरा आला तेव्हाही तो मुलगा तिथून हलला नाही. यंदा मात्र न हलणे त्याने स्वतःच्या खुशीने पत्करले होते.

दुपारी तीनला मैदान झाडून झाले. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय इंदुरात आता घरातल्या पोरांनाही आहे, त्यामुळे त्यात वेळ गेला नाही. तेलाचे पुठ्ठे तेवढे वेगळ्या पोत्यात भरून उस्ताद गॅरेजकडे घेऊन जाणार होते. मग आम्ही मालक मंडळींनी ठरवल्याप्रमाणे स्वयंसेवकांना गाड्यांत बसवले. ज्यांनी दिवसभर दोऱ्या धरल्या, भांडी घासली, वाहनतळावर शिट्ट्या फुंकल्या, त्यांना शहराच्या मध्यवस्तीतल्या जुन्या राजवाड्यापर्यंत नेऊन परत आणायचे. वाहनतळाच्या फाटकावरची ती मुलगी, जी आता नोकरीला लागली आहे आणि तरीही आली होती, डॉक्टरांच्या हेरल्डमध्ये पुढे बसली. टर्नर काका मागे बसले आणि चाकाकडून काही आवाज येतो का हे ऐकण्यासाठी त्यांनी काच पूर्ण खाली करून घेतली.

आमच्या फियाटमध्ये मी उस्तादांना मागच्या बैठकीवर बसवले. इतक्या वर्षांत ते या गाडीच्या खाली, पुढे आणि स्टिअरिंगवर असत. मागे कधीच बसले नव्हते. पाय कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, आणि कपड्यांना तेल आहे म्हणून ते पाठ टेकवायला तयार नव्हते. मी फार आग्रह केला तेव्हा टेकले. राजवाड्याच्या समोरून गाडी वळली, बाजूचे लोक थांबून पाहत होते, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. उस्ताद काही बोलत नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले पाहून मला वाटले, थकून झोप लागली असावी.

"ताई," ते डोळे न उघडता म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय. गुरुवारी गाडी घेऊन या."

परवा गुरुवार आहे. त्यांचे कार्ड टपालात टाकणार नाही, तेव्हाच हातात देईन.