कान उघडे ठेवून पाहिलेले सिनेमे

शनिवार, रात्री

‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ अखेर पाहिला. जोनाथन ग्लेझरचा, २०२३ सालचा. सुरुवातीला पडदा नुसता काळा राहतो. मिका लेव्हीचं संगीत खाली खाली घसरत जातं आणि बघायला काहीच नसतं. डोळे थकले की कान कामाला लागतात. मग पाखरं ऐकू येतात, आणि त्यानंतर नदीकाठी सहलीला आलेलं एक सुखी कुटुंब दिसतं.

हे कुटुंब रुडॉल्फ ह्योसचं, म्हणजे नाझींच्या आउशवित्झ छळछावणीच्या प्रमुखाचं. त्याच्या बागेची भिंत तीच छावणीची भिंत. अलीकडे फुलझाडं, भाजीचे वाफे, पोरांना डुंबायला छोटा हौद. पलीकडचं काही आपल्याला धडपणे दाखवलं जात नाही, पण ऐकू सगळं येतं. गोळ्या, किंकाळ्या, कुत्र्यांचं भुंकणं, आगगाडी, आणि या सगळ्याखाली प्रेतं जाळणाऱ्या भट्ट्यांची सतत चाललेली घरघर. अर्धा सिनेमा होईपर्यंत त्या घरघरीची मला इतकी सवय झाली होती की ती वेगळी जाणवेना. हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. दिग्दर्शकाला नेमकं हेच करायचं असणार. भिंतीलगत राहणाऱ्या माणसांना ऐकू कसं येत नाही, हा प्रश्न तो आपल्यालाच विचारतो.

ह्योसच्या बायकोची, हेडविगची, आई राहायला येते तो भाग अजून डोक्यातून जात नाही. लेकीची बाग बघून ती हरखून जाते. रात्री खिडकीतून भट्टीचा तांबडा उजेड बघते आणि सकाळी कुणाला न सांगता निघून गेलेली असते. मागे एक चिठ्ठी. हेडविग ती वाचते आणि आगीत टाकते. आत काय लिहिलं होतं ते आपल्याला कळत नाही. दादाचं म्हणणं, तिला पश्चात्ताप झाला. मला नाही तसं वाटत. ज्या ज्यू बाईकडे ती पूर्वी साफसफाई करायची, ती आता भिंतीपलीकडे असेल का, असं ती जाता जाता बोलते; त्या बाईचे पडदे लिलावात आपल्याला मिळाले नाहीत ही चुटपुट मात्र तिला अजून आहे. अशा बाईला दया आली नसावी. तिला तो आवाज सोसला नाही, एवढंच. लेकीला तो सोसतो, हा दोघींमधला फरक. म्हणूनच लेक जास्त भयंकर वाटते.

घरात जागोजागी कॅमेरे बसवून, नट कुठल्याही खोलीत फिरत असताना एकाच वेळी चित्रण केलं होतं. त्यामुळे कुणाच्याही चेहऱ्यावर कॅमेरा मुद्दाम थांबलाय असं वाटत नाही. ध्वनीचं ऑस्कर याला मिळालं, आणि ते पूर्णपणे रास्त होतं. ज्यांना हा बघायचा असेल त्यांनी हेडफोन लावून बघावा. टीव्हीच्या साध्या स्पीकरवर अर्धी गोष्ट निसटेल.

सोमवार

त्याच ओघात ‘साउंड ऑफ मेटल’. एक ड्रमवादक, रुबेन, अचानक बहिरा होत जातो. रिझ अहमदने हा रुबेन केलाय. त्याचे डोळे सारखे काहीतरी शोधत असतात. ऐकू येत नाही ते बघून भरून काढायची धडपड.

सिनेमा सारखा त्याच्या डोक्याच्या आत-बाहेर जातो. आत सगळं दबलेलं, गढूळ. बाहेर तीच खोली लख्ख ऐकू येते. पण मला सगळ्यात जास्त भिडला तो कानाचं यंत्र बसवायच्या शस्त्रक्रियेनंतरचा भाग. पूर्वीसारखं ऐकू येईल या आशेवर त्याने आपली वाद्यं आणि राहती गाडीसुद्धा विकलेली असते. यंत्र सुरू होतं आणि येतो तो खरखरीत, तुटका, धातूचा आवाज. पुढे त्याची मैत्रीण वडिलांबरोबर एक गाणं गाते. समोरचे पाहुणे भारावलेले, आणि त्याच्या कानात नुसता कचरा. सिनेमात इतकं एकटेपण मी क्वचित पाहिलंय.

रुबेन मध्यंतरी ज्या बहिऱ्यांच्या वसाहतीत राहतो ती ‘जो’ नावाचा माणूस चालवतो. तो झालेल्या पॉल रेसीचे आईवडील खरोखरच बहिरे होते. त्याची खुणांची भाषा शिकवलेली वाटत नाही, ती त्याच्या हातांत मुरलेली आहे. शस्त्रक्रिया करून आलेल्या रुबेनला हा ‘जो’ वसाहत सोडून जायला सांगतो, तो प्रसंग या सिनेमाचा कळस आहे. कुणी ओरडत नाही, जोच्या डोळ्यांत पाणी असतं, आणि निर्णय बदलत नाही. मैत्रिणीची बाजू मात्र उथळ राहिली. तिचं दुःख आपल्याला सांगितलं जातं, तिच्याबरोबर जगायला मिळत नाही.

बुधवार

आज थिएटरमध्ये एक मोठा, गाजावाजा झालेला सिनेमा पाहिला. नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एकाबद्दल नाही. नायक दार उघडतो, ढोल. नायक वळून बघतो, ढोल. आई रडते तर व्हायोलिन तिच्या आधी रडायला लागतं. पार्श्वसंगीत इतकं घाईत असतं की प्रेक्षकाला स्वतःचं काही वाटायला जागाच उरत नाही. नटी चांगली होती, तिच्या चेहऱ्यावर पुरेसं होतं. तिच्यावर विश्वास ठेवायला हवा होता.

शुक्रवार

‘द डिसायपल’ दुसऱ्यांदा. चैतन्य ताम्हाणेचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शरद या शास्त्रीय गायकाच्या अपयशाची गोष्ट बघत होते. आज त्यातल्या आवाजांकडे लक्ष दिलं आणि सिनेमा वेगळाच उलगडला.

रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून शरद मोटरसायकलवर जातोय, गती मंदावलेली, आणि कानात माईंची, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंची, जुनी भाषणं. साधना, त्याग, एकांत. माई कधीच दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. तो आवाज सुमित्रा भावेंचा. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. ज्यांनी इतके चांगले सिनेमे केले त्या बाईंचा आवाज त्या गेल्यानंतर असा घरोघरी पोचला, हे आठवून आज दर वेळी माई बोलायला लागल्या की मी सावरून बसत होते. त्यांचा स्वर कोरडा, ठाम आहे. त्यात माया नाही, आणि म्हणूनच शरद त्यात अडकतो. मायेने सांगितलं असतं तर त्याने कधीतरी वाद घातला असता.

शरद झालेले आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय गायक आहेत, त्याचा फायदा सिनेमाला पानोपानी मिळतो. चांगलं गाणं नट ओठ हलवून निभावून नेऊ शकतो. पण बऱ्यापैकी गाणारा, मेहनती, तरी ज्याच्या गाण्यात ती ठिणगी नाही, असा गायक उभा करायचा तर गाणं खरंखुरं येत असलेला माणूसच लागतो. किंचित कमी पडणं हे वाईट गाण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. या सिनेमाला व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं. मी असते तर मोडकांनाही दिलं असतं.

शेवटी रेल्वेच्या डब्यात एक माणूस गात गात येतो, आणि शरद त्याच्याकडे बघतो. काही समीक्षकांना तो शेवट फार उघड वाटला होता म्हणे. मला तो फार आवडतो. आयुष्यभर शरद गाण्याची परीक्षाच देत आलाय, आणि हा माणूस कुणालाही उत्तर द्यायला बांधील नाही.

रविवार

‘पथेर पांचाली’ मोठ्या पडद्यावर! जीर्णोद्धार केलेली प्रत. सत्यजित राय यांच्या या सिनेमाच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या. त्यातून जे वाचलं ते आणि इतर ठिकाणच्या प्रती जुळवून नवी प्रत तयार झाली, आणि २०१५ मध्ये सिनेमा पुन्हा पडद्यावर आला. हे ज्यांनी केलं त्यांचे किती आभार मानावेत! गवताचं पातं न् पातं दिसत होतं. म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या, म्हणजे ती झालेल्या चुनीबाला देवींच्या, चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसत होती.

या सिनेमाबद्दल सगळे आगगाडी आणि गवताच्या तुऱ्यांबद्दल बोलतात. त्याच्या जरा आधी एक गोष्ट घडते. दुर्गाला तारांचा खांब दिसतो आणि ती त्याला कान लावते. आतून गुणगुण ऐकू येते. ती कसली, तिला माहीत नाही. आपल्या गावाच्या पलीकडे काहीतरी आहे आणि ते गुणगुणतंय, एवढंच तिला कळतं. त्या पोरीच्या चेहऱ्यावरचं कुतूहल बघताना मी पुढे झुकून बसले होते. घरी हा प्रसंग मी आधी पाहिला होता, पण तिथे फॅनच्या आवाजात ती गुणगुण अशी आलीच नव्हती. इथे सगळं थिएटर त्या खांबाला कान लावून बसलं होतं.

आणि मग दुर्गाचा बाप हरिहर परत येतो. दुर्गा वारलीय हे त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू तो एकेक करून काढून दाखवतो, आणि शेवटी दुर्गासाठी आणलेली साडी. तिची आई सर्वजया ती दातांत धरते आणि फुटते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, पण तिचा आवाज नाही. त्या जागी तारशहनाई या वाद्याचा आकांत. रविशंकरांनी या सिनेमाचं संगीत दौऱ्यांच्या धावपळीत, एका बैठकीत करून दिलं होतं. त्या घाईत हे कसं सुचलं असेल? सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जींचा खरा हंबरडा ठेवला असता तर तो एका आईचा झाला असता. बुधवारच्या व्हायोलिनबद्दल मी तक्रार केली, पण संगीताला माझा विरोध नाही. तिथे रडण्यावर संगीत चढवलेलं होतं, इथे रडणं काढून त्याची जागा संगीताला दिली. त्यासाठी फार मोठी हिंमत लागते.

माझ्या पुढच्या रांगेत एक मुलगी हुंदके देत होती. मीही.

मंगळवार

आईबरोबर ‘परफेक्ट डेज’. तिला सबटायटल्स वाचायचा कंटाळा येतो, पण इथे वाचायला फारसं नाहीच. कोजी याकुशोचा हिरायामा टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करतो, कॅसेटवर गाणी ऐकतो, झाडांचे फोटो काढतो. पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईच्या झाडूच्या आवाजाने तो जागा होतो. गजर नाही, फोन नाही. आईला ते इतकं आवडलं की सिनेमाभर ती झाडूची वाट बघत होती.

मला थोडी शंका आहे. इतकं टापटीप समाधान, तेही अशा कामात, हे विम वेंडर्सने जरा जास्तच उजळ दाखवलंय. ती स्वच्छतागृहंही नामवंत वास्तुरचनाकारांनी बांधलेली, देखणी. आई म्हणाली, “अगं, तो खूश आहे असं कुठे म्हटलंय? तो रोज खूश व्हायचं ठरवतोय.” बहीण तिच्या मुलीला न्यायला येते तेव्हाचं त्याचं रडणं आणि शेवटचा गाडीतला लांबलचक शॉट आठवला, आणि मला आईचं म्हणणं बरंचसं पटलं. पण शंका पूर्ण गेलेली नाही.

गुरुवार

दादाच्या मुलाला ‘सैराट’ दाखवला. २०१६ मध्ये तो फार लहान होता. गाणी त्याला तोंडपाठ, सिनेमा मात्र पाहिलेला नाही. अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद घेऊन ही गाणी ध्वनिमुद्रित केली, हे सांगितल्यावर त्याने एक गाणं मागे नेऊन नुसतं वाद्यांसाठी पुन्हा ऐकलं.

उत्तरार्धात तो मोबाइलशी चाळा करायला लागला. मी काही बोलले नाही. संसाराची ती सगळी कुरबूर, संशय, भांडण, पुन्हा जुळणं, हे संथच असायला हवं. आर्ची आणि परशा तिथे पहिल्यांदा साधी माणसं होतात. मग माहेरची माणसं येतात, चहा होतो, शेजारीण बाळाला घेऊन परत येते, आणि नागराज मंजुळे आवाज काढून घेतात.

“आत्या, आवाज गेला का?” त्याने रिमोट उचलला आणि वाढवायला लागला. पडद्यावर बाळ रडत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. दोन-तीनदा बटण दाबल्यावर त्याचा हात थांबला. आम्ही थिएटरमध्ये पाहिला तेव्हा कुणालाच असं वाटलं नव्हतं. इतक्या माणसांचा श्वास एकदम अडकला की बिघाड नाही हे आपोआप कळतं. घरी ते कळायला त्याला बटण दाबावं लागलं. तरीही त्याच्यापर्यंत जे पोचायचं ते पूर्ण पोचलं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

दादा म्हणतो, त्याला आधी ‘फँड्री’ दाखवायला हवा होता, म्हणजे मंजुळेंची वाट त्याला क्रमाने कळली असती. मला हे मान्य नाही. ‘फँड्री’त जब्याने भिरकावलेला तो दगड एकदा अंगावर घेतला की पुढे या दिग्दर्शकाच्या कुठल्याही गाण्यावर माणूस निर्धास्त नाचत नाही. ‘सैराट’ला निर्धास्त प्रेक्षक हवा. झिंगाटवर उड्या मारणारा, आर्चीच्या बुलेटवर शिट्ट्या मारणारा. पोरगा तसाच होता, म्हणून हाच आधी. ‘फँड्री’ पुढच्या रविवारी बघायचं ठरलंय, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो असं तो स्वतःहून म्हणाला.