तुम्ही विचारलंत म्हणून: बीम आणि शेल एकाच नोडवर का जोडू नयेत

नव्याने सीएई (संगणकावर मॉडेल करून रचना तपासणं) करायला लागलेली मुलं हमखास विचारतात, "सर, बीमचा आणि शेलचा नोड एकच आहे, दोन्हीकडे सहा डिग्रीज ऑफ फ्रीडम (तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती फिरणं) आहेत, सॉल्व्हरनं, म्हणजे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, एररही दिली नाही. मग हे चालणार नाही असं का म्हणता?"

(मॉडेल छोट्या तुकड्यांचं, म्हणजे एलिमेंटांचं बनतं. बीम म्हणजे रेषेसारखा एलिमेंट, शेल म्हणजे पातळ पत्र्यासारखा, आणि नोड म्हणजे ते जिथे जोडले जातात तो बिंदू.) एरर येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

हायवेच्या कडेला एका बाजूला हात काढलेला दिशादर्शक फलक असतो, तो घ्या. 219.1 मिमी व्यासाचा, 6 मिमी जाडीचा पाइप आणि खाली बेस प्लेट. फलकावर वाऱ्याचा जोर धरू 5 किलोन्यूटन, उंची 6 मीटर, आणि फलकाचा मध्य खांबापासून 3 मीटर लांब. म्हणजे बुडाशी 30 किलोन्यूटन-मीटरचा वाकवणारा मोमेंट आणि 15 किलोन्यूटन-मीटरचा पीळ. पाइपाला बीम केलं, प्लेटला शेल केलं, मधे एक नोड.

आधी पीळ. प्लेटला लंब असलेल्या अक्षाभोवती फिरणं म्हणजे ड्रिलिंग. बऱ्याच सपाट शेल एलिमेंटांच्या मूळ गणितात त्याला स्वतःची स्टिफनेसच (ताठपणा) नसते. मॅट्रिक्स सिंग्युलर होऊ नये, म्हणजे गणित अडू नये, म्हणून सॉफ्टवेअर थोडी कृत्रिम स्टिफनेस घालतं; नॅस्ट्रान या सॉफ्टवेअरमध्ये ती के-सिक्स-रॉट या पॅरामीटरनं ठरते. आपला अख्खा पीळ त्या उसन्या स्टिफनेसवर लटकतो. कागदात टाचणी टोचून फिरवा; टाचणी फिरते, कागद जागच्या जागी. काही एलिमेंटांत ड्रिलिंग खरोखर मांडलेलं असतं, पण तिथेही पीळ एका बिंदूतच शिरतो.

हे पकडायला कागद-पेन पुरतं. या पाइपाचा पिळाचा कोन साध्या सूत्रानं सुमारे 1.4 अंश येतो, म्हणजे 3 मीटरच्या हाताच्या टोकाला साधारण 75 मिमी. मॉडेल याच्या कितीतरी पट दाखवत असेल, तर पाइपाला दोष देऊ नका, नोडकडे बघा. (रंगीत प्लॉट बघून खूश होणाऱ्यांना हा हिशेब करायचा कंटाळा येतो, हा माझा जुना राग आहे.)

वाकण्याचा मोमेंट तसा शेलमध्ये जातो. पण मेश (एलिमेंटांचं जाळं) बारीक करत गेलात की त्या नोडपाशी स्ट्रेस चढतच राहतो आणि प्लेटचं तिथलं फिरणंही वाढत जातं. उत्तर ठरतच नाही, कारण प्रश्नच खोटा आहे. खरा पाइप प्लेटला बिंदूत भेटत नाही, जवळपास 690 मिमी लांबीच्या गोल वेल्डवर भेटतो. त्या वेल्डच्या दर मिलिमीटरला पिळाचे साधारण 200 न्यूटन येतात. मॉडेलमध्ये वेल्डचा घेर नसेल, तर हा आकडा त्यातून निघणार कुठून?

म्हणून प्लेटच्या मेशमध्ये पाइपाच्या घेरावर नोडांचं कडं काढायचं आणि बीमचं टोक स्पायडरनं (एका नोडपासून कड्याच्या सगळ्या नोडांपर्यंत जाणाऱ्या जोडण्यांनी) त्याला बांधायचं. मग पीळ कड्यावर स्पर्शरेषेतल्या बलांच्या रूपात पोचतो, आणि ती बलं शेल आपल्या प्रतलात आरामात पेलतं. ड्रिलिंगचा प्रश्नच उरत नाही. स्पायडर आरबीई-टू या प्रकारचा घेतला तर कडं पूर्ण ताठ होतं, पाइपाखालची प्लेट वाकूच शकत नाही. आरबीई-थ्री हा दुसरा प्रकार नुसतं बल वाटतो, स्टिफनेस घालत नाही, त्यामुळे जोड खऱ्यापेक्षा थोडा मऊ वाटतो. मी दोन्ही चालवून बघतो. उत्तरं जवळ आली तर पुढं जातो.

उत्तरं लांब गेली, तर पाइपाचा खालचा दोन व्यासांइतका भाग शेलमध्येच काढायचा, गसेट (जोडाला आधार देणाऱ्या पट्ट्या) असतील तर तेही, आणि बीम त्याच्या वरच्या कड्याला जोडायचा. तिथे जोडानं थोडी गडबड केली तरी ती वेल्डपर्यंत पोचेपर्यंत विरून जाते.

प्लेटला खालून लावलेल्या स्टिफनरचं (ताठपणासाठीच्या पट्टीचं) दुखणं वेगळं, तिथे नोड एकच ठेवला तरी चालतं. फक्त ऑफसेट (बीमची रेषा प्लेटच्या मध्यापासून खाली सरकवणं) द्यायला विसरू नका, नाहीतर क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग ही भर गळते आणि प्लेट उगाच लवचीक दिसते.