भंडाऱ्याचा पिवळा

आमच्या फोटो लॅबमध्ये लेझर प्रिंट म्हटलं की नव्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ऑफिसातला टोनरचा प्रिंटर येतो. आमच्या कामाचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमच्याकडे खरा फोटो पेपर असतो, चांदीच्या क्षारांचा. 50 इंच रुंदीचा रोल पूर्ण अंधारात मशिनमधून सरकतो आणि लाल, हिरवा, निळा असे तीन लेझर फाइलमधला एकेक पिक्सेल त्यावर उमटवत जातात. मग प्रोसेसर: 35 अंशांच्या आसपास डेव्हलपरमध्ये 45 सेकंद, तेवढाच वेळ ब्लिच-फिक्स, पुढे धुणं आणि वाळवणं. यात शाई नसतेच, त्यामुळे भिंग लावून पाहिलं तरी शाईचे थेंब दिसत नाहीत. आणि सगळा हिशेब उलटा असतो. पेपरवर पिवळा हवा असेल तर निळा लेझर जोरात मारावा लागतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या पिवळ्याबद्दलच आहे.

आमच्याकडे नेहमी येणारा एक तरुण फोटोग्राफर आहे. पोटासाठी लग्नं करतो, जीव मात्र जत्रा-यात्रांत. सोमवती अमावस्येला जेजुरीत काढलेला त्याचा एक फोटो पुरंदरच्या एका कुटुंबाला आवडला. आता पुण्यात राहतात, खंडोबा कुलदैवत, नव्या घराच्या हॉलमध्ये 40 बाय 60 इंचांचा प्रिंट लावायचा होता. गडाच्या पायऱ्या, कऱ्हा नदीवर निघालेली पालखी आणि वर उधळलेला भंडारा. पोरगा दुसऱ्या एका लॅबमधून छोटा प्रिंट काढूनच माझ्याकडे आला होता. त्यात भंडारा सायीसारखा पांढुरका, आणि पायऱ्यांचे दगड निळे.

काय झालं असेल ते बघताक्षणी कळलं. ऑटो करेक्शन चालू होतं. मशिन अख्ख्या फ्रेमच्या रंगाची सरासरी काढतं, पिवळा जास्त दिसला की त्याला वाटतं फोटोत दोष आहे, आणि ते निळा वाढवून तो 'सुधारतं'. घरगुती फोटोंच्या ढिगात ही सोय उपयोगी आहे, मी नाही म्हणत नाही. माझा राग मशिनवर नाहीच. कुणीतरी तो प्रिंट हातात घेतला, कापला, पाकिटात घातला. जेजुरीचा फोटो आणि भंडारा पांढरा, हे पुण्यात बसलेल्या माणसाला खटकू नये? 'चालतंय की' हा आमच्या धंद्याला लागलेला सगळ्यात मोठा रोग आहे, आणि पेपर कितीही चांगला आणला तरी त्यावर इलाज होत नाही.

त्याने दिलेली फाइल जेपेग होती. मी तिचे तिन्ही चॅनल, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्याचे थर, वेगवेगळे उघडून त्याला दाखवले. भंडाऱ्याच्या ढगाच्या मधल्या भागात लाल चॅनल सगळीकडे 255, म्हणजे काठोकाठ, निळा सगळीकडे शून्य. म्हणजे तीनपैकी दोन लेझर त्या जागेवर फक्त एकच गोष्ट सांगणार, आणि भंडाऱ्याचा कण न् कण दाखवायची जबाबदारी एकट्या हिरव्यावर. स्क्रीनवर ते झळाळतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. झेंडू, हळद, भगवे झेंडे, सगळ्यांची हीच गत. एसआरजीबी म्हणजे जेपेगची नेहमीची रंगांची चौकट, तिच्यात हे रंग मावत नाहीत, ते कडेला जाऊन चपटे होतात.

"काका, जेपेग फुल साइज आहे," पोरगा म्हणाला.

"साइजचं नाही रे. रॉ आहे का?"

रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, न दाबलेली फाइल. होती. बऱ्याच जणांकडे नसते. कार्ड भरलं की आधी रॉ उडवतात, आणि वर्षभराने चार फुटी प्रिंट मागायला येतात, तेही व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोवरून. हा घरी जाऊन हार्ड डिस्क घेऊन आला. रॉ मोठ्या कलर स्पेसमध्ये, म्हणजे रंगांच्या मोठ्या चौकटीत, उघडली आणि निळ्या चॅनलमध्ये जीव आला. जिथे सपाट डाग होता तिथे ढगाची घडी दिसायला लागली, कुठे दाट, कुठे विरळ. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे 6000 बाय 4000. ते 60 इंचांवर ताणलं की इंचाला 100 पिक्सेल पडतात. पाच-सहा फुटांवरून बघायच्या फोटोला तेवढे पुरतात, फक्त शार्पनिंग हात राखून करावं लागतं.

खरी अडचण पुढे होती. फाइलमध्ये परत आलेला पिवळा आमच्या पेपरच्या आवाक्याबाहेरचा होता. अशा वेळी दोनच वाटा. रंग शक्य तेवढा भडक ठेवायचा आणि कडेला गेलेल्या छटा एकमेकींत मिसळू द्यायच्या; किंवा सगळा पिवळा थोडा आत ओढायचा, म्हणजे छटांमधलं अंतर टिकतं, पण झगमग कमी होते. मी दोन्हीच्या पट्ट्या काढल्या. पट्टी कुठून कापायची याला मी फार जपतो: एक चेहरा, थोडा दगड आणि भंडाऱ्याची कड, तिन्ही त्यात यायलाच हवेत. प्रोसेसरमधून पट्टी ओलसर बाहेर आली की निळसर दिसते. पोराचा चेहरा पडला. "वाळू दे," म्हटलं, "ओल्या प्रिंटवर रंगाचा निवाडा करायचा नसतो."

दुसऱ्या दिवशी तो त्या कुटुंबातल्या मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन आला. आजी सत्तरीच्या पुढच्या, नऊवारीतल्या. मी दोन्ही पट्ट्या 5000 केल्विनच्या, दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली ठेवल्या. मुलाने लगेच भडक पट्टी उचलली. फोटोग्राफरचंही तेच मत. आजींनी काही न बोलता पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि चिमूटभर भंडारा पट्टीच्या कोपऱ्यावर ठेवला.

दोन्ही पट्ट्या त्याच्यापुढे फिक्या.

मी समजावायला लागलो. हळदीतलं कर्क्युमिन निळा आणि अतिनील प्रकाश शोषून स्वतः थोडा पिवळा-हिरवा उजेड देतं, म्हणून उन्हात भंडारा पेटल्यासारखा दिसतो. पेपरमधला पिवळा रंग तसं करत नाही. शिवाय एका दिव्याखाली जुळलेले दोन पिवळे दुसऱ्या दिव्याखाली वेगळे पडू शकतात. म्हणून पुडीशी जुळवत बसण्यात अर्थ नाही. मला वाटतं आजींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या दुसऱ्या, जरा मंद पट्टीवर वाकल्या होत्या.

"हे लेकरू कुणाच्या खांद्यावर बसलंय?"

लेकरू? मी भिंग घेतलं. भंडाऱ्याच्या ढगाच्या आत, कडेपासून चार बोटं अंतरावर, एका माणसाच्या खांद्यावर तीन-चार वर्षांचं पोर होतं. डोळे मिटलेले, एक हात वर. भडक पट्टीत त्याच जागी नुसता पिवळा. फोटो काढणाऱ्यानेही ते पोर कधी पाहिलं नव्हतं.

"आई, पण ही बघ ना, हिचा रंग किती भारी आहे," मुलगा म्हणाला.

"भंडारा उधळला तरी आतलं माणूस दिसतं रे," आजी म्हणाल्या. "तिच्यात नुसताच भंडारा आहे. मला हीच दे."

मोठा प्रिंट तसाच काढला. पॉवर कटच्या भीतीने जनरेटर आधीच चालू करून ठेवला, कारण एक्सपोजर चालू असताना लाइट गेली तर तेवढा रोल फुकट. फोमशीटवर चिकटवून, फ्रेम करून दिला. आठवड्याने मुलाचा फोन आला: "साहेब, घरी जरा फिका वाटतोय." त्यांच्या हॉलमधल्या स्वस्त एलईडी ट्यूबचा तो परिणाम. सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा आकडा, 90 च्या वर असलेला स्पॉटलाइट लावा म्हणून सांगितलं, त्यांनी लावला, मग फोन आला नाही.

तरी मला स्वस्थता नाही. त्या रात्री मी फाइल पुन्हा उघडून पाहिली. पोराभोवतीची जागा मास्क करून तेवढीच आत ओढली आणि बाकीचा ढग भडक ठेवला. स्क्रीनवर जमलं, पण पोराभोवती ओंजळभर खोटा उजेड दिसत होता, जणू कुणी मागाहून आणून बसवलंय. तो प्रिंट मी काढला नाही. दोन्ही मिळवण्याची वाट लॅबमध्ये नाहीच, ती कॅमेऱ्यातच असायला हवी होती, असं आता वाटतं. फोटोग्राफर पुढच्या सोमवतीला पुन्हा जाणार आहे. त्याला एवढंच बजावलंय: हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या उजेडाच्या आलेखाचा, नुसता पांढरा भाग बघून समाधान मानू नकोस, लाल आलेख वेगळा लाव, आणि तो उजव्या भिंतीला टेकायच्या आत एक्सपोजर खाली आण. चेहरे काळवंडले तर मी बघतो.