दोन चुलींचा रॉबिन्सन

रग्बी हा आपल्याकडे अनेकांना एकच खेळ वाटतो. प्रत्यक्षात ते दोन आहेत आणि त्यांची भाऊबंदकी शंभर वर्षांहून जुनी आहे. खाणीत आणि गिरण्यांत राबणाऱ्या खेळाडूंना सामन्यासाठी बुडालेल्या रोजाची भरपाई द्यावी की नाही, या वादातून उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वेगळी चूल मांडली. पुढे तिला ‘लीग’ म्हणू लागले. जुन्या घराने, म्हणजे ‘युनियन’ने, लीग खेळणाऱ्याला कायमचे दार बंद केले, आणि ते दार १९९५ मध्ये युनियन स्वतःच व्यावसायिक झाल्यावर उघडले.

या उघडलेल्या दारातून आत आलेल्यांपैकी मला सर्वांत जास्त कुतूहल वाटते ते लीड्सच्या जेसन रॉबिन्सनचे. विगन क्लबकडून लीग खेळताना १९९८ च्या सुपर लीग स्पर्धेच्या अंतिम सामन्यात संघाचा एकमेव ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून मिळवलेले गुण) त्याने केला होता. त्यापूर्वी १९९६ मध्ये बाथ क्लबकडून काही महिने युनियन खेळून तो परत गेला होता. कायमचा आला तो २००० च्या अखेरीस, सेल शार्क्स या युनियन क्लबमध्ये. त्यानंतर जेमतेम आठ महिन्यांनी, ब्रिस्बेनमधील पहिल्या कसोटीत, ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संयुक्त संघाच्या, म्हणजे ब्रिटिश अँड आयरिश लायन्सच्या जर्सीत त्याला सीमारेषेजवळ चेंडू मिळाला. समोर ऑस्ट्रेलियाचा ख्रिस लॅथम होता आणि बाहेरच्या बाजूला जागा अगदी चिंचोळी. रॉबिन्सनने आतल्या बाजूला हुलकावणी दिली आणि त्याच चिंचोळ्या पट्टीतून तो बाहेरून निसटला. कबड्डीतला कसलेला चढाईपटू पाहिलेल्याला ही हुलकावणी समजावून सांगावी लागणार नाही.

लीगमध्ये तेरा खेळाडू, सहा टॅकलची (चेंडूवाल्याला धरून पाडण्याची) मर्यादा आणि चेंडूसाठी जमिनीवर झोंबाझोंबी जवळजवळ नाही. युनियनमध्ये पंधरा खेळाडू, लाइनआउट (चेंडू सीमेबाहेर गेल्यावर दोन रांगांमध्ये तो फेकून खेळ पुन्हा सुरू करणे) आणि प्रत्येक टॅकलनंतर चेंडूवर नवा वाद. कडेला धावणाऱ्या विंगरला यातले बरेचसे टाळता येते, पुढच्या फळीत झुंजणाऱ्या फॉरवर्डला मात्र नाही. म्हणूनच २०१४ मध्ये बाथला आलेला सॅम बर्जेस, क्लबकडून फॉरवर्ड आणि इंग्लंडकडून सेंटर (मागच्या फळीतली मधली जागा) अशा दोन जागांच्या ओढाताणीत सापडून, वर्षभरात लीगमध्ये परतला, असे माझे मत आहे. रॉबिन्सनने मात्र पुढे इंग्लंडचे नेतृत्व केले, आणि २००६ मध्ये सेल इंग्लंडच्या प्रीमियरशिप स्पर्धेत विजेता ठरला तेव्हाही कर्णधार तोच होता.

सिडनीत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात झालेला २००३ चा युनियन विश्वचषक अंतिम सामना आज इंग्लंडच्या विल्किन्सनच्या शेवटच्या ड्रॉप गोलसाठी (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच लाथेने मारलेला गोल) आठवला जातो. मला आठवतात ते त्या सामन्यातील दोनच ट्राय. पहिला ऑस्ट्रेलियाच्या लोटे टुकिरीचा: त्याच्या सहकारी लारकमने आडवा उंच मारलेला चेंडू त्याने नेमका आपल्यापेक्षा कितीतरी बुटक्या रॉबिन्सनच्या डोक्यावरून उचलला. टुकिरीही लीगमधूनच आलेला, त्यामुळे १८९५ च्या फारकतीतल्या धाकट्या घराचे दोन गडी मोठ्या घराच्या अंगणात एकमेकांना भिडत होते. दुसरा ट्राय रॉबिन्सनचा: मध्यंतराच्या थोडे आधी इंग्लंडच्या डलाग्लिओने मुसंडी मारली, चेंडू विल्किन्सनकडे आणि तिथून डाव्या बाजूला गेला. रॉबिन्सनची जागा खरे तर उजव्या विंगची. पण तो मैदान पार करून तिथे पोहोचलेला होता. ओल्या गवतावरून घसरत त्याने कोपऱ्यात ट्राय केला, उठला आणि चेंडूवर मूठ हाणली.