आमची वाटचाल : तासाच्या भाड्यापासून जुन्या रॅलेपर्यंत

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळात वडिलांनी पेठेत तासाच्या भाड्याने सायकली देण्याचे दुकान काढले. पुढे घरोघरी लूना आणि स्कूटर आल्या, भाड्याचा धंदा आटला आणि दुकान पंक्चर व किरकोळ दुरुस्तीवर कसेबसे तग धरून राहिले. आज नॉटिंगहॅमच्या रॅले, बर्मिंगहॅमच्या बीएसए आणि आसनसोलच्या सेन-रॅले पूर्ववत करून घेण्यासाठी लोक बाहेरगावाहून आमच्याकडे येतात, ते आमच्या मिस्त्रींच्या हातामुळे.

सायकल दारात आली की मिस्त्री आधी पान्याला हात लावत नाहीत. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) ‘स्टर्मी-आर्चर’ हे इंग्लिश गिअर-कंपनीचे नाव असेल तर त्यावर ठोकलेले महिन्या-वर्षाचे आकडे वाचतात. पण चाक नंतर बदललेले असू शकते, म्हणून फ्रेमचा नंबरही ताडून पाहतात. पुढे ३२ आणि मागे ४० आरे ही जुनी इंग्लिश पद्धत. वजन मागच्या चाकावर जास्त येते, हे त्यामागचे साधे कारण. रॅलेच्या फ्रेममध्ये पॅडलचा मधला आस धरणाऱ्या कपाचे आटे इंचाला २६, तर इतर बहुतेक इंग्लिश सायकलींचे २४. बाजारातला कप जोर लावून बसवला तर फ्रेमचे आटे कायमचे जातात, म्हणून मिस्त्री तो आधी नुसत्या बोटांनी फिरवून पाहतात. गंजलेली कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, आसाला घट्ट धरणारी खीळ) काढतानाही घाई नसते : तेल मुरू द्यायचे, क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार द्यायचा आणि मगच हातोडी उचलायची.

त्यांचे खरे कसब मात्र काय काढू नये हे ओळखण्यात आहे. गिऱ्हाइकाला बहुधा कोरी करकरीत सायकल हवी असते (आणि धंद्याच्या हिशेबाने आम्हालाही रंगकामातच जास्त पैसे सुटतात), तरीही चिकट काजळीखाली मूळ काळा रंग आणि सोनेरी रेघ शाबूत असेल, तर ते रंगाचा थर खरवडू देत नाहीत. मऊ फडक्याने थोडे थोडे साफ करतात आणि जिथे रेघ तुटली असेल तेवढीच लांब केसांच्या कुंचल्याने, पट्टी न लावता, जोडून देतात.

यामुळे आम्ही पाहणीआधी भाव सांगत नाही आणि मुदतही सैल ठेवतो. सध्या दोन मुले त्यांच्या हाताखाली चाकाचा आउट काढायला, म्हणजे आरे ताणून वाकडे फिरणारे चाक सरळ करायला, शिकत आहेत. कुंचला अजून कुणाच्या हाती दिलेला नाही.