टिळकवाडीतल्या छोट्या अ‍ॅप स्टुडिओत मी कशी लागले

बेळगावात इंजिनिअरिंग झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पुणे की बेंगळूर? विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय इथंच आहे, १९९८ पासून. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप रांगेनं उभी आहेत. पण कोडिंगची नोकरी म्हटली की रात्रीची बस. मला मात्र इथंच राहायचं होतं. घर खानापूर तालुक्यात, आई एकटी, आणि गावाकडच्या लोकांना लागणारं सॉफ्टवेअर बेंगळुरात बसून होत नाही असं मला मनापासून वाटतं. टिळकवाडीत सात-आठ माणसांचा एक अ‍ॅप स्टुडिओ आहे, तिथं मी लागले. आमच्या भागातली मुलं-मुली सारखी विचारतात की तिथं काय विचारतात, काम कसं चालतं. म्हणून हे सविस्तर.

त्याआधी कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांच्या परीक्षा दिल्या होत्या. अ‍ॅप्टिट्यूड, मग ग्रुप डिस्कशन, मग उलट्या झाडावरून सुलट्या क्रमानं आकडे काढा असली कोडी. माझी एसएसएलसी, म्हणजे दहावी, मराठी माध्यमातली, पीयूसीपासून, म्हणजे अकरावीपासून, इंग्रजी. ग्रुप डिस्कशनमध्ये मोठ्यानं बोलणारा पुढे जायचा. एका कंपनीत निवड झाली, तर त्यांनी दोन वर्षांचा बाँड आणि मूळ मार्क्स कार्ड ठेवून घ्यायची अट घातली. मी सही केली नाही. घरात चार दिवस कुणी धड बोललं नाही, पण मार्क्स कार्ड माझी आहेत, ती दुसऱ्याच्या कपाटात का राहावीत?

स्टुडिओची जाहिरात माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. पगार किती ते आकड्यात लिहिलेलं होतं. बायोडाटा मागितला नव्हता. स्वतः बनवलेलं काहीतरी दाखवा आणि ते करताना कुठं अडलात ते लिहा, एवढंच.

माझ्याकडे एक अ‍ॅप होतं. आई गावातल्या बायकांच्या संघाचा हिशोब ठेवते: आठवड्याची बचत, आतल्या आत दिलेलं कर्ज, त्यावरचं व्याज. ती वही मी फोनवर आणली होती. अडले ते नेटवर्कपाशी. आमच्याकडे पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, कितीतरी ठिकाणी फोनला रेंजच नसते. दोघींनी आपापल्या फोनवर नोंद केली आणि नंतर दोन्ही फोन रेंजमध्ये आले, तर शिल्लक कुणाची खरी? शेवटी मी शिल्लक साठवणंच बंद केलं. प्रत्येक जमा आणि प्रत्येक उचल ही वेगळी नोंद, ती कधी पुसायची नाही. शिल्लक म्हणजे त्या नोंदींची बेरीज, दर वेळी नव्यानं काढायची. अर्जात मी हेच लिहिलं, कोडसकट.

मग फोन आला. बोलणारे स्टुडिओतले सर, त्यांची मातृभाषा कन्नड. बोलणं इंग्रजीत सुरू झालं, मध्येच हिंदीत गेलं आणि शेवटी ते त्यांच्या मराठीत आणि मी माझ्या कन्नडात, जसं बेळगावच्या कुठल्याही दुकानात चालतं तसं. बाकी कशावर प्रश्नच नव्हते, फक्त माझ्याच कोडवर. चुकून दोनदा दाबलं आणि एकच हप्ता दोनदा पडला तर? एखादी बाई संघ सोडून गेली तर तिच्या जुन्या नोंदींचं काय? मला उत्तरं येत होती कारण हे सगळं आईनं मला आधीच विचारलं होतं.

त्यानंतरची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: पैसे देऊन घेतलेली चाचणी. काम करायला लावणार तर त्याचे पैसे द्यायचे, निवड होवो न होवो, असा त्यांचा नियम आहे. त्यांच्या दूध संस्थेच्या अ‍ॅपचा एक तुकडा मला दिला आणि सोबत एका संस्थेच्या सचिवांची तक्रार, त्यांच्या शब्दांत जशीच्या तशी: ‘दूध चढवतोय, दिसतंय, पण बिलात येत नाही.’ सोबत स्क्रीनचा फोटो.

मी कोड उघडण्याआधी तो फोटो बघत बसले. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक). फॅटचा आकडा ६.२ होता आणि तो मराठी अंकात होता. अ‍ॅपमधल्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत होत्या, मराठी अजून घातलीच नव्हती. मग आकडे मराठी कुठून आले? मी स्टुडिओला लिहून विचारलं, सचिवांचा फोन कुठल्या भाषेत लावलाय? त्यांनी उत्तर दिलं नाही, सचिवांचा नंबर दिला. म्हणाले, संकलनाच्या वेळी सकाळ-संध्याकाळ करू नका, दुपारी करा.

‘फोन मराठीतच हाय की आक्का, पोरानं करून दिलाय,’ सचिव म्हणाले. मी विनंती केली की फोनची भाषा तेवढी इंग्रजी करा आणि संध्याकाळची एक नोंद चढवून बघा. रात्री त्यांचाच फोन आला. ‘गेलं की! आता मराठी परत लावू का? मला इंग्रजी वाचायला लई वेळ लागतो.’

कारण असं होतं. कॉटलिन ही अँड्रॉइडची अ‍ॅप लिहायची प्रोग्रामिंग भाषा; तिच्यात आकड्याचा मजकूर करताना कुठली भाषा ते सांगितलं नाही, तर अँड्रॉइड फोनची भाषा धरतो. मराठीसाठी जी प्रमाण माहिती सगळ्या प्रणाल्या वापरतात, तिच्यात मूळ अंक देवनागरी आहेत. हिंदी आणि कन्नडसाठी तसं नाही, तिथं मूळ अंक इंग्रजी धरलेत. म्हणून हाच अ‍ॅप कन्नड फोनवर चालतो, हिंदी फोनवर चालतो, इंग्रजीवर चालतो आणि फक्त मराठी फोनवर अडतो. स्टुडिओतल्या कुणाचाच फोन मराठीत नव्हता. पडद्यावर ६.२ बरोबर दिसत होतं, पण तोच मजकूर सर्व्हरला जात होता आणि सर्व्हरवरच्या जावा भाषेतल्या कोडला दशांश आकडा देवनागरीत वाचता येत नव्हता. तो नोंद नाकारायचा, नोंद फोनमध्येच रांगेत पडून राहायची, आणि दहा दिवसांनी बिल निघताना शेतकऱ्याचं तेवढं दूध गायब.

एक ओळ बदलली की हे थांबतं. यंत्राकडे जाणारा आकडा कुठल्याही भाषेशी न बांधता लिहायचा. माणसाला दिसणारा आकडा मात्र मी मराठीतच राहू दिला, कारण सचिवांना तोच हवा होता. खरं काम पुढचं होतं. ज्या नोंदी आधीच फोनमध्ये अडकून पडल्या होत्या, त्या नव्या ओळीनं सुटत नाहीत. त्या शोधून, देवनागरी अंक बदलून, परत रांगेत लावणारं मायग्रेशन, म्हणजे जुन्या नोंदी सुधारणारा कोड, लिहिलं. शिवाय फोन मराठीत आहे असं धरून कोड आपोआप तपासणारी टेस्ट लिहिली, म्हणजे पुढे कुणी ती ओळ पुन्हा बदलली तर टेस्ट लगेच पडेल. सगळ्यात शेवटी एका पानाचं टिपण: काय होत होतं, का होत होतं, कुठल्या संस्थांमध्ये आणखी असेल. एसएनएफ आणि लिटरला हाच धोका आहे हेही त्यात होतं, कारण फोटोत फॅटबरोबर तेही मराठीत दिसत होते.

नंतर एक दुपार ऑफिसात बसून काम. माझ्या शेजारी तिथली सगळ्यात अनुभवी डेव्हलपर, तिला सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणायला लागले. पावतीवर सभासदाचं नाव मराठीत छापायचं होतं. दोन इंची थर्मल प्रिंटरमध्ये सहसा देवनागरी अक्षरं नसतात, म्हणून ओळ चित्र करून पाठवावी लागते. आम्ही दोघींनी ते एकाच की-बोर्डवर केलं, कधी ती लिहायची, कधी मी. मला जिथं माहीत नव्हतं तिथं मी विचारत होते आणि ती सांगत होती. आठवड्याभरात पत्र आलं. सहा महिन्यांचा प्रोबेशन, बाँड नाही, मार्क्स कार्डच्या झेरॉक्स पुरे.

आत गेल्यावर कळलं की भरतीत जे करून घेतलं तेच इथलं रोजचं काम आहे. नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्या जागेवर जाऊन बघायचं. दूध संस्थेत मी पहाटे जाऊन उभी राहिले. सचिवांचा एक हात कायम ओला, मागे कॅन घेऊन माणसं, प्रत्येकाला घाई. ते नावं शोधत नाहीत, सभासद क्रमांक त्यांना पाठ असतात. म्हणून आमच्या पडद्यावर पहिली गोष्ट म्हणजे क्रमांकाची मोठी बटणं, ओल्या अंगठ्यानं दाबता येतील एवढी, आणि गाय की म्हैस ही निवड त्याच पडद्यावर, कारण दोन्हींचे दर वेगळे. हे ऑफिसात बसून सुचलं नसतं.

पडदे आधी कागदावर काढतो, सचिवांना बोटानं दाबून दाखवायला सांगतो, मग कोड. काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यात. स्वतःचा कोड स्वतः मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये, घालायचा नाही, सरांनीही नाही. दुसऱ्या कुणीतरी ओळ-न्-ओळ वाचून शेरे द्यायचे. अक्काचे शेरे लांब असतात आणि मी ते आजही जपून वाचते. गिऱ्हाइकाला अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही हवं असेल तर फ्लटर (एकाच कोडवर दोन्हीकडे चालतं), वजनकाटा किंवा दूध तपासायच्या यंत्राशी जोडायचं असेल तर कॉटलिन. आयफोनसाठी मॅक लागतो आणि अ‍ॅपलची वर्षाला ९९ डॉलर फी, तेव्हा संस्थांची कामं बहुतेक अँड्रॉइडवरच राहतात.

कपाटात जुने, स्वस्त फोन ठेवलेत. बिल्ड, म्हणजे तयार झालेली आवृत्ती, त्यांच्यावर चालल्याशिवाय बाहेर जात नाही. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारं काम मारून टाकतात आणि नोंदी पाठवायच्या राहतात, ते नव्या महाग फोनवर कधीच दिसत नाही. आता त्यातला एक फोन कायम मराठीत, एक कन्नडात आणि एक उर्दूत असतो. उर्दूत पडदा उजवीकडून सुरू होतो, तिथं वेगळेच प्रश्न निघतात.

प्ले स्टोअरवर सोडताना टप्प्याटप्प्यानं सोडतो. आधी आतल्या लोकांना, मग थोड्या संस्थांना, मग काही टक्के फोनना. बिघाड दिसला तर पुढचं वाटप थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे गेलं त्यांच्या फोनवरून जुनी आवृत्ती परत आणता येत नाही, दुरुस्त केलेली नवी आवृत्तीच पाठवावी लागते. म्हणून बिलाच्या तारखांच्या आसपास काही सोडायचं नाही हा पक्का नियम.

स्वतःचं अ‍ॅप टाकू इच्छिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. प्ले कन्सोल, म्हणजे प्ले स्टोअरवर टाकण्यासाठीचं गूगलचं खातं, त्याची फी एकदाच २५ डॉलर. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं खातं वैयक्तिक असेल, तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी, म्हणजे निवडक माणसांपुरती चाचणी, करावी लागते. सुरुवातीला २० माणसं लागायची, डिसेंबर २०२४ पासून १२, आणि ती सलग १४ दिवस चाचणीत राहिली पाहिजेत. संस्थेच्या नावानं खातं असेल तर ही अट नाही, मात्र तिथं डी-यू-एन-एस क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो. संघाचं अ‍ॅप मी वैयक्तिक खात्यावरून टाकलं. चाचणीला संघातल्याच बायका होत्या. त्यांनी काढलेल्या चुका मी एका वहीत उतरवून घेतल्या आणि एकूण एक दुरुस्त केल्या.

आता आलेले अर्ज पहिल्यांदा मी आणि अक्का वाचतो. चॅटबॉटकडून लिहून घेतलेला अर्ज ओळखू येतो, कारण त्यात कुठं अडलं ते कधीच नीट नसतं. कोड लिहिताना अशी साधनं आम्हीही वापरतो, चाचणीतही वापरायला हरकत नाही, फक्त प्रत्येक ओळ का आहे ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. निपाणीच्या एका मुलानं तंबाखूच्या वखारीतल्या गाठींचा हिशोब ठेवणारं छोटं अ‍ॅप पाठवलं होतं. दिसायला अगदी साधं, पण दोन ठिकाणची वजनं जुळली नाहीत तर काय करायचं हे त्यानं इतकं नीट मांडलं होतं की आम्ही त्याच दिवशी फोन केला.

अर्ज मराठीत, कन्नडात, इंग्रजीत, कशातही चालतो. ज्यांची निवड होत नाही त्यांना चाचणीचे पैसे आणि त्यांच्या कोडवरचे शेरे, दोन्ही जातात. शेरे लिहायला वेळ लागतो, म्हणून उत्तराला उशीर होतो. तेवढं थांबा.