पॉन्तेवेद्रा: गाडीआधी माणसाचा विचार करणारं गाव

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया म्हणून प्रांत आहे, हिरवागार आणि भरपूर पावसाचा. सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंचा पोर्तुगालकडून येणारा रस्ता या प्रांतातून जातो आणि त्याच रस्त्यावर पॉन्तेवेद्रा लागतं. बरेचसे यात्रेकरू इथे रात्रीपुरते टेकतात आणि सकाळी पाठीवर सॅक टाकून पुढे निघतात. आम्ही चालत नाही आलो, आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं, व्हिगोहून ट्रेन पकडली. पण आलो ते खास या गावासाठी, कारण इथल्या महापौरांबद्दल मी बरंच वाचलं होतं आणि एका माणसाने मनावर घेतलं तर गाव किती बदलू शकतं ते मला स्वतः बघायचं होतं.

लोकसंख्या साधारण ८३ हजार. महापौरांचं नाव मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस, पेशाने डॉक्टर, आणि १९९९ पासून तेच महापौर आहेत. त्याआधी बरीच वर्षं ते विरोधी बाकावर होते, त्यामुळे गावाचं काय दुखतंय ते त्यांना आधीपासून नीट माहीत होतं असं मला वाटतं. तेव्हा जुन्या गावातल्या एकाच रस्त्यावरून रोज १४ हजार गाड्या जायच्या म्हणे! मध्ययुगीन दगडी गल्ल्या, त्यात हा धूर, हा आवाज, आणि म्हातारी माणसं भिंतीला चिकटून चालतायत. लोरेस निवडून आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच जवळजवळ ३ लाख चौरस मीटर भाग फक्त चालणाऱ्यांसाठी करून टाकला. निवडणुका तोंडावर आल्यावर घाईने केलेलं काम नव्हतं ते, उलट सगळा विरोध पहिल्याच वर्षी अंगावर घेतला आणि मग लोकांना बदल अनुभवायला पुरेसा वेळ मिळाला. मला यातली हिंमत फार मोठी वाटते.

हॉटेलातल्या मुलीने आम्हाला एक नकाशा दिला, त्याला मेट्रोमिनुतो म्हणतात. दिसतो थेट मेट्रोच्या नकाशासारखा, रंगीत रेघा आणि स्टेशनं, पण या गावात मेट्रो नाहीच, त्या रेघा आहेत चालायच्या आणि त्यांच्यावर लिहिलंय एका ठिकाणाहून दुसरीकडे चालत किती मिनिटं लागतात. हा नकाशा पालिकेनेच काढलाय आणि नंतर युरोपातल्या बऱ्याच शहरांनी तो उचलला. आईने तो हातात घेतला आणि दिवसभर तीच मला सांगत होती की आता इकडून चल, हे जवळ आहे.

पेरेग्रीना चौकापासून सुरुवात केली. तिथे अठराव्या शतकातलं एक छोटं गोल चर्च आहे, त्याचा आराखडाच शिंपल्याच्या आकाराचा, कारण शिंपला ही सान्तियागोच्या यात्रेकरूंची खूण. तिथून दोन पावलांवर फेरेरिया चौक, कमानी, कॅफेच्या खुर्च्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत पोरं फुटबॉल खेळतायत, त्यांच्या आया लांब कुठेतरी गप्पा मारत बसल्यात, एकही बाई “अगं इकडे ये, गाडी येईल” असं ओरडत नाहीये. मी बराच वेळ नुसतं ते बघत बसले. आणि आवाज! माणसांचे आवाज येतात, कपबशांचे येतात, चर्चची घंटा ऐकू येते. एरवी गावात हे सगळं इंजिनाच्या आवाजाखाली दबलेलं असतं हे तिथे बसल्यावर कळतं.

आता हे नुसतं गाडीबंदीचे बोर्ड लावून झालेलं नाहीये, आणि मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखं हेच वाटलं. नीट विचार केला तर गावातली बरीचशी गर्दी ही पार्किंग शोधत गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांची असते, म्हणून त्यांनी आधी रस्त्यावरचं पार्किंग काढलं, जमिनीखाली पार्किंग केलं आणि गावाच्या कडेला दीड हजाराच्या वर जागा फुकट ठेवल्या. गाव ओलांडून पलीकडे जाणारी वाहतूक बंद केली. सिग्नल काढून गोल चौक केले. बाहेरच्या भागात गाड्या आहेत पण वेग ताशी ३० किलोमीटर. माल उतरवणारी गाडी येते, ज्याचं घर आत आहे त्याची येते, अपंग व्यक्तीची येते, म्हणजे कुणाची अडवणूक नाही.

आईला मात्र यातलं काही सांगावं लागलं नाही. तिचं लक्ष जमिनीकडे. फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर, पायरी नाही, कठडा नाही, खड्डा तर नाहीच, आणि थोड्या थोड्या अंतरावर बसायला बाक. आपल्याकडे रस्ता क्रॉस करताना ती माझं मनगट गच्च धरते, इथे तिने हात सोडला आणि चक्क माझ्या पुढे चालायला लागली. संध्याकाळी बुर्गो पुलावर गेलो, लेरेस नदीवरचा जुना पूल, तोही आता चालणाऱ्यांचाच आहे, तिथे व्हीलचेअरवरच्या एक आजी एकट्या निवांत जाताना दिसल्या. लहान मुलं, म्हातारी माणसं, व्हीलचेअर, बाबागाडी, यांना जमेल असा रस्ता केला की तो बाकी सगळ्यांना जमतोच, हा विचार इथे दगडात उतरलाय. शाळेत मुलांनी आपापलं चालत जावं यासाठीही पालिकेने वेगळे प्रयत्न केलेत.

सुरुवातीला दुकानदार चिडले होते, गाड्या नाही आल्या तर गिऱ्हाईक कसं येणार, आणि ही भीती अगदी खरी आहे, त्यांचं पोट त्यावर आहे. पण पालिकेने गावाबाहेर मोठ्या मॉलना परवानगी दिली नाही, त्यामुळे मंदीच्या काळातही इथली छोटी दुकानं बऱ्यापैकी तग धरून राहिली. आजूबाजूची गावं रिकामी होत असताना मध्यवर्ती पॉन्तेवेद्रात सुमारे १२ हजार माणसं नव्याने राहायला आली. आणि ज्या आकड्यापाशी मी थांबले तो हा, १९९६ ते २००६ या काळात इथल्या रस्त्यांवर अपघातात ३० जण गेले होते, पुढच्या दहा वर्षांत तीन. म्हणजे आज त्या चौकांमधून अशी काही माणसं फिरत असतील जी एरवी नसती, आणि त्यांना स्वतःलाही ते माहीत नसेल. डॉक्टर असलेल्या माणसाला याहून मोठं काम कुठल्या दवाखान्यात करता आलं असतं?

सगळं गोडगोड आहे असं नाही. गर्दीच्या वेळी बाहेरच्या रस्त्यांवर गाड्या तुंबतात, पार्किंग कमी पडतं अशी लोकांची तक्रार असते. तरी लोकांनी या महापौरांना पुन्हा पुन्हा संधी दिली. शिवाय ही सगळी कामं पालिकेने आपल्याच पैशातून केली, वरच्या सरकारची मदत न घेता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण “निधी नाही हो” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

जाणार असाल तर व्हिगो किंवा सान्तियागोहून ट्रेन आहे, स्टेशन जुन्या गावापासून जरा लांब पण चालत जाण्यासारखं. छत्री ठेवाच. दुपारी दुकानं बंद असतात तेव्हा गल्ल्या रिकाम्या दिसतील, त्यावरून गावाबद्दल मत बनवू नका, संध्याकाळी सात-आठनंतर वेर्दुरा आणि लेन्या हे दोन छोटे चौक बघा, अख्खं गाव खाली उतरलेलं असतं. आणि तुमच्या ओळखीत कुणी नगरसेवक किंवा नगराध्यक्ष असतील तर त्यांना इथे पाठवा, फक्त सोबत त्यांच्या घरातलं एखादं लहान मूल नाहीतर आजी-आजोबा जाऊ देत.